आधी नाव, मग औषध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाईला ताप आला तर ती ताप म्हणते, गुडघा दुखला तर गुडघा म्हणते. पण योनीच्या बाहेरच्या भागाला खाज सुटली, आग होऊ लागली, की तिच्याजवळ शब्दच उरत नाही. मी गेली अनेक वर्षं तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते. या त्रासासाठी मी ऐकलेले शब्द सांगते. "खाली त्रास होतोय." "लघवीच्या जागी चुणचुणतंय." "अंगावरून जातंय." "उष्णता बाहेर पडतेय." आणि बऱ्याचदा हे शब्दही येतात ते पाठदुखी, अशक्तपणा, झोप न येणं असं सगळं सांगून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता. "बाई, आणखी एक होतं..." असं म्हणून.

आज मला याच आणखी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वैद्यकाच्या भाषेत तिला व्हल्व्हायटिस म्हणतात. मराठीत योनीमुखाचा दाह म्हणता येईल. दुखणं जुनंच आहे आणि बहुतेक वेळा बरंही होतं. तरीही त्यापायी बायका वर्षानुवर्षं झोप घालवतात, चुकीची मलमं लावत राहतात, आणि काही जणी तर गरज नसताना गर्भाशय काढून बसतात. याचं एक मोठं कारण म्हणजे या त्रासाला त्याचं खरं नाव मिळत नाही. ते बाईच्या तोंडी येत नाही, आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या कागदावरही येत नाही.

आधी जागा समजून घेऊ. आपण सरसकट योनी म्हणतो, पण त्यात दोन वेगळे भाग आहेत. योनी ही आतली नळी, गर्भाशयाच्या तोंडापासून बाहेरपर्यंत येणारी. तिच्या बाहेर जे दिसतं ते योनीमुख. त्यात बाहेरचे मोठे ओठ, आतले छोटे ओठ, त्यांच्या वरच्या टोकाला असलेली संवेदनशील शिस्निका, लघवीचं छिद्र आणि योनीचं दार हे सगळं येतं. आतल्या नळीचं अस्तर ओलसर असतं आणि तिथं चांगले जीवाणू राहतात. ते आम्ल तयार करतात आणि पाळी चालू असलेल्या वयात योनी स्वतःची स्वच्छता स्वतः राखते. योनीमुख म्हणजे मुख्यतः त्वचा. पण ही त्वचा हातापायाच्या त्वचेसारखी राठ नसते. ती नाजूक असते, सतत घाम, लघवी, पाळीचं रक्त, कपड्यांचं घर्षण सोसत असते. त्यामुळे दंडावर जो साबण निमूट चालतो, तोच इथं आग लावू शकतो.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण उपचार त्यावरच ठरतो. बाई "अंगावरून जातंय" म्हणाली की आपलं लक्ष आतल्या नळीकडे जातं आणि गोळ्या दिल्या जातात. तिला खरी तक्रार बाहेरच्या त्वचेची असेल, तर त्या गोळ्यांनी काय होणार?

दाह म्हणजे लाली, सूज, आग, खाज, दुखणं. शरीराचा हा एक प्रतिसाद आहे. धूर दिसला की काहीतरी जळतंय एवढं कळतं, काय जळतंय ते आत जाऊन पाहावं लागतं. तसंच इथं आहे. योनीमुखाचा दाह हे अर्धंच नाव झालं. पुढचा प्रश्न असतो, दाह कशानं? ढोबळमानानं त्याची चार घराणी सांगता येतील.

पहिलं घराणं बाहेरून लागणाऱ्या गोष्टींचं. सुवासिक साबण, पाण्यात टाकलेलं जंतुनाशक, केस काढायचं क्रीम, सुगंधी पॅड, ओले पुसणे, कपड्यांत राहिलेली धुण्याची पावडर. यांत घरगुती उपायही आले. तुरटीचं पाणी, लिंबू, कडुनिंबाचा कढत काढा. खाज सुटली की बाईला वाटतं अस्वच्छता झाली. मग ती जास्त धुते. धुतल्यानं त्वचेवरचं उरलंसुरलं तेल जातं, खाज वाढते, की पुन्हा धुणं. काही वेळा औषधाचंच वावडं असतं. मलमातलं निओमायसिन किंवा बधिर करणारं बेन्झोकेन काहींच्या त्वचेला अजिबात चालत नाही. लघवीवर ताबा नसलेल्या वयस्कर बायकांत सतत ओलं राहणं हेही कारण असतं.

दुसरं घराणं जंतुसंसर्गाचं. त्यात सर्वांत ओळखीची कॅन्डिडा नावाची बुरशी. दह्यासारखा पांढरा, घट्ट स्राव, लाली आणि अनावर खाज ही तिची खूण. साधारण चारातल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो. शिवाय खरूज, उवा, नायटा हेही तिथं होतात. बारीक पाण्याचे फोड येऊन प्रचंड आग होत असेल, लघवी करताना डोळ्यांत पाणी येत असेल, तर नागीण या रोगाशी नात्यानं जवळ असलेला हर्पिस सिम्प्लेक्स असू शकतो. एकाच बाजूला ठसठसणारी गाठ आली तर ते बहुधा बार्थोलिन ग्रंथीचं गळू असतं.

तिसरं घराणं त्वचेच्या रोगांचं. सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस जसा कोपरावर, मनगटावर होतो तसा इथंही होतो. त्यातला लायकेन स्क्लेरोसस हा रोग इतका महत्त्वाचा आहे की त्याबद्दल पुढं वेगळं सांगते.

चौथं घराणं संप्रेरकांचं. पाळी गेल्यावर, आणि बाळाला अंगावर पाजत असतानाही, इस्ट्रोजेन कमी होतं. तिथली त्वचा पातळ, कोरडी होते. चालताना, लघवी करताना, संबंधाच्या वेळी चरचरतं. पन्नाशीनंतरची बाई "आता या वयात काय दाखवायचं" म्हणून गप्प बसते. खरं तर थोड्या प्रमाणात स्थानिक इस्ट्रोजेन क्रीम लावल्यानं यात फार चांगला फरक पडतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र ते वापरण्याआधी त्या डॉक्टरांशी बोलावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सामान्य माणसानं कशाला ओळखायचं? ते ओळखायचं काम डॉक्टरांचंच. पण आपल्याकडे ते काम औषधाच्या दुकानात उरकलं जातं. आणि तेही बऱ्याचदा बाई स्वतः जात नाही, नवऱ्याला किंवा मुलाला पाठवते. तो काउंटरवर हळू आवाजात सांगतो, "खाजेचं मलम द्या." मिळतं ते तीन औषधांची भेळ असलेलं मलम, म्हणजे एक बुरशीवरचं, एक जीवाणूंवरचं आणि एक जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते. बाईला वाटतं, औषध लागू पडलं. पण बुरशी असेल तर ती आत पसरत राहते, त्वचा पातळ होते, आणि मलम थांबवलं की खाज दुप्पट जोरानं परत येते. आज भारतभर नायट्याचा जो चिवट प्रकार पसरला आहे, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा, त्याला या असल्या मलमांनी हातभार लावला असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

"मला माहीत आहे, हे नेहमीचंच आहे" असंही बायका म्हणतात. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. दुकानातून स्वतःच बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली. त्यांतल्या फक्त एकतृतीयांश जणींना निव्वळ बुरशीचा आजार होता. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, किंवा सोबत आणखी काही होतं, आणि काही जणींना तर काहीच नव्हतं. शिकलेल्या, औषधावरचा मजकूर वाचणाऱ्या बायकांची ही गोष्ट आहे.

बुरशी वारंवार होत असेल, वर्षातून तीन-चार वेळा, तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. मधुमेहाचं निदान या खाजेवरून झालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट आली आहे. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे, पण लघवीतल्या साखरेवर बुरशी पोसली जाते. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत खाज सुरू झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका. आणि मधुमेही बाईला तिथं झपाट्यानं पसरणारी लाली, सूज, ताप आणि सहन न होणारं दुखणं असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा.

इथं घरातल्या संशयाबद्दलही बोलायला हवं. कॅन्डिडाची बुरशी हा वागणुकीतून आलेला आजार समजला जात नाही. ती अविवाहित मुलीलाही होते. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. काही संसर्ग, उदाहरणार्थ ट्रायकोमोनास, संबंधातून येतात, आणि तिथं दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. नवऱ्यानं घेतलं नाही तर बायकोचं दुखणं परत येतं. दोष कुणाचा हे शोधत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून दवाखान्यात यावं हे बरं.

आता लायकेन स्क्लेरोसस. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा. हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या जागच्या त्वचेवर उलटते असं मानतात. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो आणि पाळी न आलेल्या लहान मुलींतही. त्वचा पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते. खाज रात्री इतकी की झोप उडते. उपचार झाला नाही तर छोटे ओठ हळूहळू विरून जातात, दार आकसतं.

पांढरा रंग दिसला की आपल्याकडे पहिली भीती कोडाची. एक आजीबाई पाच वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या. कोड म्हटलं तर नातीच्या लग्नात अडचण येईल असं त्यांना वाटत होतं. कोडात फक्त रंग जातो, त्वचा मऊच राहते आणि बहुधा खाजही नसते. आजींना लायकेन स्क्लेरोसस होता. गंमत म्हणजे याला उपाय आहे तो स्टेरॉइडचाच, क्लोबेटासोल नावाच्या जोरदार मलमाचा. मघाशी ज्याला नावं ठेवली तेच औषध इथं पहिल्या पसंतीचं ठरतं. पण ते निदान पक्कं झाल्यावर, ठरलेल्या मापानं लावायचं असतं. आधी रोज रात्री, मग एक रात्र सोडून, मग आठवड्यातून दोनदा, असं साधारण तीन महिने. तीस ग्रॅमची एक नळी तेवढ्या काळाला पुरते. त्यानंतरही बहुतेकींना आठवड्यातून एकदोनदा ते चालू ठेवावं लागतं.

हे चालू ठेवणं का महत्त्वाचं? या रोगात थोड्या स्त्रियांना, शंभरात पाचांहून कमी, पुढं त्या जागी कर्करोग होतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ५०७ स्त्रियांचा अनेक वर्षं केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. सांगितल्याप्रमाणे नियमित मलम लावणाऱ्या ३५७ जणींत एकीलाही कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था झाली नाही. मध्येच सोडून देणाऱ्या, अधूनमधून लावणाऱ्या १५० जणींत मात्र ती सात जणींना झाली. रोज रात्रीच्या वाटाण्याएवढ्या मलमावर एवढं अवलंबून असतं. म्हणूनच पांढरी झालेली त्वचा, न भरणारी जखम, गाठ, रक्त येणं, किंवा योग्य औषधानंही दोन-तीन आठवड्यांत न थांबणारी खाज, यांतलं काहीही असेल तर तपासणी टाळू नका. गरज पडली तर जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात. टाका पडला तर एखादा. बायका बायॉप्सी या शब्दालाच घाबरतात, पण पुष्कळदा त्याच तुकड्यानं मनावरचं ओझं उतरतं.

लहान मुलींबद्दल दोन शब्द. मुलगी रात्री तिथं खाजवत असेल तर पहिला संशय जंतांचा घ्यावा. नंतर साबणाचा फेस, ओली चड्डी, पुसण्याची चुकीची पद्धत. पुसताना नेहमी पुढून मागं. घाण वासाचा, रक्ताळलेला स्राव असेल तर आत काही अडकलेलं असू शकतं. आणि मुलगी घाबरलेली असेल, काही सांगू पाहत असेल, तर तिला आधी ऐकून घ्या. अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. उलट, लायकेन स्क्लेरोससमुळे आलेले व्रण पाहून घरच्यांवर नाहक संशय आल्याचंही घडतं. दोन्ही बाजूंनी काय हवं, तर नीट तपासणी आणि अचूक नाव.

आता थोडं कागदावरच्या नावाबद्दल. तुम्ही कधी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड किंवा विम्याचा अर्ज पाहिला असेल, तर त्यावर निदानाशेजारी एक इंग्रजी अक्षर आणि काही आकडे दिसतील. तो त्या आजाराचा संकेतांक. जगभरातले आजार एकाच यादीत बसवण्याची ही पद्धत. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिथून ती सुरू झाली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तेव्हा मृत्यूंबरोबर आजारही तिच्यात आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२२ पासून लागू झाली, तरी दहावीचे आकडे अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत.

दहाव्या आवृत्तीत एन हे अक्षर मूत्र व जननसंस्थेच्या आजारांचं. एन ७६.२ म्हणजे योनीमुखाचा तीव्र दाह, नुकताच सुरू झालेला. एन ७६.३ म्हणजे रेंगाळलेला किंवा जुनाट दाह. आतल्या नळीच्या दाहाला वेगळे आकडे आहेत, एन ७६.० आणि एन ७६.१. म्हणजे आपण मघाशी केलेला आतबाहेरचा फरक यादीनंही पाळला आहे. दाह बुरशीचा असेल तर मूळ नोंद बी ३७.३ अशी होते, कारण बी मध्ये बुरशीचे आजार येतात, आणि जागा सांगायला एन ७७.१ हा जोड आकडा लावतात. एक आकडा कारणाचा, एक जागेचा. लायकेन स्क्लेरोसस त्वचेच्या प्रकरणात, एल ९०.० वर. आणि नुसतीच खाज, कारण अजून कळलेलं नाही, अशी नोंदही करता येते. ती एल २९.२. ती प्रामाणिक नोंद आहे, पण तात्पुरती. महिनोन्महिने तोच आकडा पडत असेल, तर शोध थांबलाय असा त्याचा अर्थ होतो.

आता गंमत पाहा. डॉक्टरांनी घाईत नुसतं "पांढरं जातं" एवढंच लिहिलं, तर नोंद करणाऱ्याला एन ८९.८ हा आकडा घालावा लागतो. हा आकडा आहे योनीच्या दाह नसलेल्या इतर विकारांच्या गटातला. बाई आगीनं तळमळते आहे आणि कागद म्हणतो दाह नाही. यात नोंद करणाऱ्याचा काही दोष नाही. अभिलेख विभागातली माणसं डॉक्टरांनी लिहिलेल्यालाच आकडा देऊ शकतात, रुग्णाला तपासू शकत नाहीत. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर तोच कागद पाहतात आणि तोच उपचार पुन्हा होतो. हेच हजारो कागदांवर झालं की जिल्ह्याच्या आकडेवारीत हे आजार दिसतच नाहीत. आणि जे दिसत नाही त्यासाठी औषधही येत नाही, प्रशिक्षणही होत नाही.

न दिसणारं किती असू शकतं, हे आपल्या महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. एकेकीला सरासरी ३.६ आजार. यातली निम्मी दुखणी जननमार्गाच्या संसर्गाची होती. आणि त्याआधी कधीतरी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त आठ. दुखणी घराघरांत होती, फक्त त्यांची नोंद कुठं नव्हती.

दुसरं उदाहरण जास्त कटू आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य शासनानं समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कितीतरी तरुण होत्या. कारणं अनेक होती, गरिबी, मुकादमाचा दंड, फडावर ना पाणी ना आडोसा. पण अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारींपासून सुरुवात झालेल्याही पुष्कळ होत्या. गर्भाशय काढल्यानं योनीमुखाची खाज जात नाही. कारण ती तिथली नसतेच. उलट बीजकोशही काढले गेले तर कमी वयात पाळी जाते, त्वचा कोरडी पडते, आणि नवं दुखणं मागं लागतं. पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला तर एक साधा प्रश्न विचारा. निदान काय आहे, ते लिहून द्याल का?

उपचारांचं थोडक्यात सांगते. कारण कोणतंही असो, पहिले पंधरा दिवस त्वचेला विश्रांती द्यायची. साबण, जंतुनाशक, सुगंधी पॅड, सगळं बंद. दिवसातून एकदा नुसत्या पाण्यानं बाहेरून धुवायचं. आत पाणी मारायचं नाही. मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. फार आग होत असेल तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं. नंतर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा. मात्र लक्षात ठेवा, तेल आणि जेलीमुळे रबरी निरोध कमजोर होतो. सुती, सैल चड्डी, आणि रात्री तीही नको. पाळीत कापड वापरत असाल तर काही वाईट नाही, पण ते नीट खळबळून धुऊन उन्हात वाळवलेलं हवं. परकराखाली लपवून सावलीत वाळत घातलेलं कापड ओलंच राहतं. नखं कापा. खाजवल्यानं त्वचा जाड होते आणि जाड त्वचा जास्त खाजते. हे चक्र तोडायला कधी कधी रात्री झोपेसाठी गोळीही द्यावी लागते.

यापुढचं औषध कारणावर ठरतं. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल, पण गरोदरपणात फ्लुकोनॅझोलची गोळी टाळून आतून लावायचं औषध सात दिवस देतात. वावडं असेल तर ती वस्तू कायमची बंद आणि थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड. हर्पिस असेल तर विषाणूवरच्या गोळ्या, जितक्या लवकर तितक्या उपयोगी. एकीचं मलम दुसरीनं लावू नये, जावेचं नाही आणि बहिणीचंही नाही.

आणि दवाखान्यात जाताना चार गोष्टी ठरवून जा. कुठं होतंय ते सांगा, बाहेर की आत. शब्द अडला तर बोटानं दाखवा, आम्हाला चालतं. किती दिवस होतंय ते सांगा. आतापर्यंत काय काय लावलं, त्या सगळ्या नळ्या आणि बाटल्या पिशवीत घालून आणा. घरगुती उपायही सांगा, कुणी रागावणार नाही. डॉक्टरांनी न तपासताच चिठ्ठी लिहायला घेतली तर म्हणा, "एकदा पाहून घ्या ना." स्त्री डॉक्टर हवी असेल, सोबत कुणी हवं असेल, तर तसं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि निघताना निदान काय लिहिलंय ते विचारून घ्या. कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. तिनं सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका आणि दुकानातून मलम आणून विषय मिटवू नका. तिच्यासोबत बसमध्ये बसा आणि दवाखान्यात या. मुलींच्या आयांना सांगणं असं की, पाळीबद्दल समजावताना या जागेचं नावही सांगा. योनीमुख म्हणा, तुमच्या घरात चालणारा दुसरा नीट शब्द असेल तर तो म्हणा. पण काहीतरी म्हणा. म्हणजे उद्या तिला तिथं त्रास झाला, तर तो सांगताना तिला खुर्चीतून उठेपर्यंत थांबावं लागणार नाही.